सात रात्री, चार जीन्स आणि एक बेसिन

क्रूझला जाताना जीन्स चार तरी घ्याच. बोटीवर धुणं कसं होणार, हा विचार भित्र्या लोकांनी करावा. पातळ पॉलिएस्टरचे किंवा मरिनो लोकरीचे कपडे रात्री पिळून टाकले की सकाळी अंगात घालता येतात, म्हणजे त्यात काही कसोटीच नाही. जीन्सचं तसं नसतं. जाड सुती कापड पाणी पिताना उदार आणि सोडताना कंजूष. त्यातही खिशांपाशी आणि कमरपट्ट्याला कापड तिपदरी-चौपदरी, त्यामुळे दोन दिवसांनी पाय कडकडीत वाळतात आणि कंबर ओली ती ओलीच.

सोबत इस्त्री घ्या. प्रवासी इस्त्री इवलीशी असते, ती कुणाला दिसणार? जहाजावर चढताना बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात, तिथे ती पहिल्या झटक्यात दिसते. मग तिला चिठ्ठी लागते आणि उतरायच्या दिवशी ती तुम्हाला सन्मानाने परत मिळते. कपड्यांना वाफ देणाऱ्या स्टीमरचं आणि सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचंही बहुतेक जहाजांवर हेच होतं. समुद्रात आग लागली तर बंब बोलावता येत नाही, एवढीच त्यामागची सबब. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर 1914 मध्ये जहाजांवरच्या सुरक्षेचा सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज 1974 ची आवृत्ती लागू आहे आणि तिच्यात आगीवर एक अख्खं प्रकरण आहे. तुमच्या शर्टाची कॉलर चुरगळते, याचा त्यात उल्लेखही नाही.

आता बेसिन. केबिनमधलं बेसिन हात धुण्यापुरतं असतं, तेव्हा त्यात जीन्स बुडवायचीच. भोकाला चपटं रबरी बूच लावलं तर पाणी टिकतं. तुम्ही पायमोजा कोंबा. साबण घरच्याच मापाने, झाकणभर ओता. इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत इथेच आहे. जहाजावरचं गोडं पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यापासून करतात, वाफ थंड करून किंवा दाब देऊन पडद्यातून गाळून. त्यात नंतर थोडे क्षार मिसळतात, तरी ते बऱ्यापैकी मऊच राहतं. कठीण पाण्यात साबणाचा बराच भाग तिथल्या क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतो. मऊ पाण्यात झुंज नाही, सगळाच्या सगळा फेस. चार-पाच लहान कपड्यांना चहाच्या चमच्याने एक चमचा द्रव साबण पुरतो. झाकणभर टाकलात की फेस बेसिनच्या काठावरून जमिनीवर, तिथून मोरीच्या दिशेने निघतो. सहा वेळा खळबळलं तरी कापड बुळबुळीतच, कारण ते नीट हलायलाच बेसिनमध्ये जागा नसते. उरलेला साबण वाळून कापडात बसतो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात घाम आला की कंबरेभोवती खाज सुटते. तिचं खापर बिनदिक्कत जहाजाच्या पाण्यावर फोडावं.

पिळताना दोन्ही टोकं धरून कचकचीत पीळ घाला, शिवण उसवेपर्यंत. काही लोक कोरड्या टॉवेलवर ओला कपडा पसरतात, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करतात आणि तिच्यावर मिनिटभर उभे राहतात. टॉवेल पाणी ओढून घेतो, वाळायचा वेळ निम्म्यावर येतो आणि केबिन स्टुअर्ड नवा टॉवेल देतो. असले शॉर्टकट आपल्याला नकोत.

वाळत घालण्यासाठी शॉवरवर ओढून घ्यायची बारीक दोरी असते. तिच्यावर दोन जीन्स टाका, दार गच्च लावा आणि वर कढत पाण्याने अंघोळ करा. बाथरूमचा पंखा सतत हवा बाहेर ओढत असतो. दार बोटभर उघडं ठेवलं तर एसीची कोरडी हवा केबिनमधून आत येऊन कपड्यांवरून जाते. म्हणून तर ते बंद ठेवायचं.

उरलेल्या दोन जीन्ससाठी चुंबकाचे हुक आणा. केबिनच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात, चुंबक टपकन चिकटतो. पाकिटावर 10 किलो लिहिलेलं असतं, पण तो आकडा चुंबक सरळ ओढून काढायला लागणाऱ्या जोराचा. भिंतीवर वजन खाली खेचतं, हुक घसरतो, आणि दोन-तीन किलोंतच त्याचं अवसान गळतं. हाताने पिळलेली एक जीन्स दीड किलोच्या घरात जाते, म्हणजे एका हुकाला दोन टांगाव्यात. पहाटे तीनला धप्प असा आवाज येईल.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे बाल्कनी. तिथे कपडे टांगायला मनाई असते, म्हणजे जागा रिकामी मिळते. जहाज 20 नॉटने चालत असेल तर वारा पडलेला असतानाही बाहेर ताशी 37 किलोमीटरचा झोत असतो. चिमटे त्यापुढे काय टिकणार! कपडा टिकलाच, तर त्याच्यावर खारे तुषार बसतात, आणि मीठ हवेतला ओलावा खेचत राहतं. त्यामुळे वाळलेला शर्टसुद्धा संध्याकाळी पुन्हा चिकट.

सनस्क्रीनचे पिवळट डाग पडले तर क्लोरीनचं ब्लीच चोपडा. अ‍ॅव्होबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेल्या क्रीमचे डाग पाण्यातल्या लोहाशी मिळून गंजासारखे होतात आणि ब्लीचने आणखी पक्के बसतात. आठवण म्हणून राहतात.

एवढं करूनही हरलात तर कपाटात लॉन्ड्रीची पिशवी आणि छापील फॉर्म असतो. दर नगावर असतो. घाईचं हवं असेल तर अधिक पैसे. बऱ्याच जहाजांवर सफरीच्या मधे एखाद्या दिवशी पिशवीभर कपडे ठरावीक रकमेत धुऊन देतात. त्याची चिठ्ठी केबिनमध्ये येते; ती न वाचता फेकावी आणि दुसऱ्या दिवशी नगाच्या दराने मोजे द्यावेत. लोकरीचा स्वेटर त्याच पिशवीत कोंबा. तिकडचे ड्रायर तापट असतात, स्वेटर घरातल्या धाकट्याला बरोब्बर बसेल.

स्वतः मशीन लावायची सोय सगळीकडे नसते. क्युनार्ड आणि व्हायकिंग या क्रूझ कंपन्यांच्या समुद्री जहाजांवर ती आहे, तीही फुकट. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर प्रवाशांसाठी नाही. असली तर तिथे जाण्याचा मुहूर्त एकच: जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी, सकाळी दहा. अख्खं जहाज तिथेच भेटतं. बंदराच्या दिवशी लोक खाली उतरलेले असतात, मशिनं ओस पडलेली असतात, गप्पा मारायला चिटपाखरू नसतं. मशीन गळ्यापर्यंत भरा आणि जेवायला निघून जा. धुणं संपल्यावर कुणीतरी तुमची अंतर्वस्त्रं उचलून मशीनच्या डोक्यावर ठेवील, येणाजाणाऱ्यांना प्रदर्शन होईल. ड्रायरच्या जाळीवर आधीच्या माणसाचा करड्या लोकरीसारखा थर बसलेला असेल. तो बोटाने सोलून काढला तर हवा मोकळी खेळते आणि तासाभरात कपडे वाळतात. परक्याच्या जाळीला आपण कशाला हात लावायचा? दोन तास फिरवा, कपडे कोमट आणि ओले निघतील. जाळीतला थर तापून पेट घेऊ शकतो, पण त्यासाठी सोलास आहेच.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या मध्यरात्रीच्या आसपास उचलून नेतात. तेव्हा वाळलेलं सगळं नीट घडी करून भरा. एक सदरा, एक पँट हातबॅगेत ठेवायची सूचना असते, ती वाचायची गरज नाही. सकाळी बाथरूमच्या दोरीवर ती चौथी जीन्स असेलच. भिंतीवरचा हेअर ड्रायर काढा आणि कमरपट्ट्यापासून सुरुवात करा. ड्रायर तापला की आपोआप बंद पडतो. गार झाल्यावर पुन्हा चालू होतो. उतरायला आठला बोलावलंय. आता कुठे सात वाजून चाळीस झालेत.