हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला झालीच नाही

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या हेस्टिंग्जला भारतातून पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला. "वॉरन हेस्टिंग्ज इथलाच ना?" नाही हो. तो ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल नावाच्या खेड्यात जन्मला, समुद्रापासून चांगला लांब. मग दुसरा प्रश्न, "बरं, ते 1066 चं रणांगण कुठे?" तेही इथे नाही. 14 ऑक्टोबर 1066 ला नॉर्मंडीचा विल्यम आणि इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड भिडले ते इथून दहा-अकरा किलोमीटर आत, एका टेकडीवर. विल्यमने नंतर तिथे मठ बांधवला, मठाभोवती गाव वसलं आणि त्या गावाचं नावच पडलं बॅटल. म्हणजे आमच्या गावाचं नाव जगभर ज्या गोष्टीमुळे माहीत, ती घडली शेजारी. तरी इथे पाट्यांवर, टीशर्टांवर, चहाच्या मगांवर सगळीकडे 1066. धंदा आहे, चालायचंच.

पण इतकी वर्षं इथे राहून माझं मत पक्कं झालंय, की या गावाचा इतिहास बघायचा तर तो होड्या ओढण्यात बघावा. तो अजून चालू आहे आणि फुकट बघायला मिळतो.

हेस्टिंग्जला बंदर नाही. एकेकाळी होतं. मध्ययुगात राजाला जहाजं पुरवणाऱ्या पाच बंदरांच्या संघात, सिंक पोर्ट्‌समध्ये, हे एक. पाचांनी मिळून वर्षाला 57 जहाजं 15 दिवस राजाच्या दिमतीला द्यायची, बदल्यात करमाफी आणि बऱ्याच सवलती. तेराव्या शतकातल्या वादळांनी सगळं पालटलं. 1287 च्या वादळात किल्ल्याखालचा कडा ढासळला, किल्ल्याचा मोठा तुकडा समुद्रात गेला, बंदर गाळाने बुजलं. पहिल्या एलिझाबेथच्या काळात धक्का बांधायला घेतला, तो लाटांनी नेला. 1890 च्या दशकात पुन्हा मोठ्या थाटात काम निघालं आणि पैसे संपले. त्या अर्धवट बांधाचे अवशेष अजून पाण्यात उभे आहेत. सरकारी कामाची ही गत पाहून मला अगदी घरच्यासारखं वाटतं.

मग बोटी ठेवायच्या कुठे? किनाऱ्यावर. ओल्ड टाउनच्या पुढ्यात, कड्याच्या पायथ्याशी जो गोट्यांचा किनारा आहे त्याला इथे स्टेड म्हणतात. समुद्रातून परतलेली बोट लाटेचा जोर धरून सरळ गोट्यांवर नाक खुपसते. कुणीतरी धावत जाऊन तिला तारेचा दोर अडकवतो, वरच्या खोपटातला विंच घरघरायला लागतो आणि खाली ग्रीस फासलेल्या फळ्या सरकवत सरकवत बोट वर घेतात. पूर्वी हेच काम रहाटाला घोडे जुंपून व्हायचं. पाण्यात जाताना बुलडोझर मागून ढकलतो. बोटी लहानच, दहा मीटरच्या आतल्या. याहून मोठी बोट रोज ओढणार कोण? किनाऱ्यावरून थेट दर्यात लोटणाऱ्या मासेमारी बोटींचा युरोपातला सर्वांत मोठा ताफा हाच, असं गाव अभिमानाने सांगतं. माझं आजोळ हर्णैचं. तिथे भरल्या पाण्यात बैलगाड्या घालून मासळी किनाऱ्याला आणतात, त्यामुळे ही धडपड मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

किनाऱ्याला लागूनच काळ्याकुट्ट लाकडी खोल्या ओळीने उभ्या आहेत. पाया जेमतेम आठ-नऊ फूट आणि उंची दोन-तीन मजले. पाहुण्यांना वाटतं टेहळणीचे मनोरे असावेत. ही जाळी ठेवायची कोठारं. तेव्हा किनारा अगदी अरुंद होता, जागा मिळेना, म्हणून वर चढवली. जाळी सुताची, ओली राहिली की कुजायची. म्हणून ती कोरड्या जागी ठेवणं भाग होतं. डांबर फासलेल्या त्या फळ्यांना उन्हाच्या दिवशी अजून वास सुटतो. बाजूलाच कोळ्यांचं जुनं चर्च आहे, 1854 चं. तिथे 1956 पासून संग्रहालय आहे. आत एंटरप्राइझ नावाची 1912 साली बांधलेली शिडाची बोट अख्खीच्या अख्खी ठेवली आहे. दारातून मावेना, तेव्हा चर्चची भिंत फोडून आत घेतली. मला हे फार आवडतं. देवाच्या घराची भिंत पाडली, बोटीचं फळकूटही काढलं नाही.

आता भांडणाचं. 2012 मध्ये याच स्टेडवर एक कलादालन उघडलं. आधी तिथे बसगाड्यांचा तळ होता. दिवसाच्या सहलीला आलेली माणसं तिथे उतरायची, फिश अँड चिप्स खायची, मासळी घेऊन जायची. कोळ्यांनी विरोधाचे फलक लावले. लंडनच्या मंडळींनी त्यांना अडाणी ठरवलं. इमारत वाईट नाही, काळ्या चकाकत्या फरशांनी मढवलेली, शेजारच्या कोठारांशी जुळवून घेणारी. चित्रंही मी आवडीने बघतो. पण ज्यांच्या अंगणात बांधायचं त्यांचा आक्षेप रोजीरोटीचा होता आणि उत्तरं मिळाली सौंदर्याची. दालन उभारणारी देणगीदार संस्था 2019 मध्ये बाहेर पडली, दालनाचं नाव बदललं. कोळी तिथेच आहेत.

पिअरची, म्हणजे समुद्रात लांबवर बांधलेल्या फिरायच्या धक्क्याची, कथा तर याहून वाईट. 1872 चा पिअर 2010 च्या आगीत बराचसा जळाला. लोकांनी हार मानली नाही. लॉटरी निधीतून मोठी रक्कम आली, सामान्य माणसांनी शेअर घेतले आणि 2016 मध्ये पिअर पुन्हा उघडला. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला स्टर्लिंग पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुकलेचा सर्वांत मोठा मान. पुढच्याच महिन्यात चालवणारी संस्था दिवाळखोरीत. 2018 मध्ये पिअर एका हॉटेलमालकाला विकला गेला. शेअर घेतलेल्या लोकांचे चेहरे तेव्हा बघवत नव्हते.

या गावाला वाचवायला सतत कुणीतरी नवीन येतं. इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित नगरपालिकांच्या 2019 च्या यादीत हेस्टिंग्ज तेरावं होतं, त्यामुळे वाचवायला वावही भरपूर. पण आधीपासून जे तगून आहेत त्यांना कुणी विचारत नाही. देशातल्या बहुतेक मासेमारी बोटी या अशाच लहान, आणि मासे पकडायच्या ठरवून दिलेल्या कोट्यातला त्यांचा वाटा मात्र किरकोळ. मोठा हिस्सा मोठ्या जहाजांकडे. ब्रेक्झिटने हे बदलेल या आशेवर अनेकांनी मत दिलं, हेस्टिंग्जमध्ये 55 टक्के लोक बाहेर पडण्याच्या बाजूने होते. आता 2025 च्या करारानुसार युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात 2038 पर्यंत शिरकाव कायम आहे. तेव्हा आश्वासनं देणारे आता किनाऱ्यावर दिसत नाहीत.

लंडनची घरं परवडेनात म्हणून लोक इकडे सरकताहेत. इथे त्यांना डीएफएल म्हणतात, लंडनहून खाली आलेले. म्हणताना जरा नाक मुरडतात. आपले मराठी मित्रही मला मेसेज करतात, "हेस्टिंग्जला फ्लॅट घ्यावा का?" घ्या की. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनहून थेट गाडी आहे. रॉक-अ-नोर रोडवर ताजा बांगडा मिळतो, माकुल मिळतं, आणि सोल म्हणजे आपल्या लेपाच्या जातीतलाच, तव्यावर रवा लावून झकास होतो. फक्त स्टेडसमोर फ्लॅट घेतलात तर पहाटे विंच आणि बुलडोझर ऐकू येतात म्हणून नगरपालिकेत तक्रार करू नका. आवाज सहन होत नसेल तर ब्रायटनला बघा.