मोठा एच-इंडेक्स म्हणजे पाण्यावर मोठं काम?

नद्या, भूजल, पाणीपुरवठा यांची संगणकी मॉडेल्स करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल एक दावा सतत फिरत असतो: ‘गूगल स्कॉलर उघडा, एच-इंडेक्स बघा. ज्याचा मोठा, त्याचा प्रभाव मोठा. सायटेशन म्हणजेच वापर.’ सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरने दिलेला हवाला, आणि एच-इंडेक्स हा एखाद्याचे पेपर व त्यांची सायटेशन्स यांवरून काढलेला आकडा. एकेक मुद्दा घेऊ.

‘हा पक्का आकडा आहे.’ कुठला? संशोधन शोधण्याच्या दोन सेवा घ्या: गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंटही (तपासणीआधीच टाकलेले पेपर) धरतं, स्कोपस निवडक प्रकाशनंच धरतं. एकाच माणसाचे दोन आकडे निघतात आणि गूगलचा बहुधा मोठा असतो. शिवाय ‘एस. पाटील’ चौघे असले की एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात पडतात. आधी यादी ऑर्किड क्रमांकाशी (प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक) ताडा, मग आकडा कुठून आणि कधी घेतला ते सोबत लिहा.

‘मोठा एच, मोठा प्रभाव.’ भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली एच-इंडेक्सची व्याख्या साधी आहे: किमान २० सायटेशन्स असलेले २० पेपर असतील, तर एच २०. आता एकाचे पाचच पेपर धरा: २०००, ९००, ४००, ६० आणि ४० सायटेशन्सचे. एकूण ३४००, एच फक्त ५. दुसऱ्याचे २० पेपर, प्रत्येकी २० सायटेशन्स. एकूण ४००, एच २०. शिवाय हा आकडा कधी उतरत नाही, निवृत्तीनंतरही चढतो. कारकिर्दीच्या वर्षांनी भागायची सूचना खुद्द हर्श यांचीच, पण ती फारशी पाळलेली दिसत नाही.

‘सायटेशन म्हणजे वापर.’ खरी गफलत इथे आहे. मोरियासी आणि सहकाऱ्यांचा २००७ चा पेपर घ्या. मासिक नदीप्रवाहासाठी नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेल मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतं; पूर्ण जुळलं तर १) ०.५० च्या वर आणि पीबायस (मॉडेल एकूण किती टक्के जास्त-कमी दाखवतं) ±२५ टक्क्यांच्या आत असेल तर मॉडेल समाधानकारक, असे निकष त्यात आहेत. ‘आमचं मॉडेल पास’ एवढं म्हणायला असंख्य पेपर त्याचा हवाला देतात. काही जण हेच निकष दैनिक प्रवाहाला, कधी पुराच्या शिखरालाही लावतात. मॉडेलने पूर दोन दिवस उशिरा दाखवला तरी महिन्याच्या बेरजेत ते लपतं. पूरइशाऱ्यात तेच दोन दिवस महत्त्वाचे. म्हणून हवाला देणाऱ्या पेपरांतले ५० चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा, नेमकं वाक्य वाचा आणि चार ढीग करा: नुसता उल्लेख, पद्धत वापरली, कोड चालवला, निष्कर्ष तपासला किंवा खोडला. दीड-दोन दिवसांचं काम आहे. शेवटचे तीन ढीग किती भरतात, ते एच-इंडेक्सपेक्षा जास्त सांगतं.

‘काम चांगलं असेल तर सायटेशन येतातच.’ भूजलासाठीच्या मॉडफ्लो या मॉडेलची मूळ मार्गदर्शिका अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अहवाल म्हणून निघाली, जर्नलमध्ये नव्हे. जलवाहिन्यांच्या जाळ्यासाठीचं ईपीएनेट तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये आणलं. ते रोज उघडणारा पाणीपुरवठा अभियंता पेपर लिहीत नाही. महाराष्ट्रात निळी (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा ठरवताना एचईसी-आरएएस हे नदीतल्या पाण्याच्या पातळीचं मॉडेल चालवलं, तर त्याचा माग अहवालात आणि नकाशात राहतो. सायटेशनच्या मोजणीत तो सहसा येत नाही. प्रभाव शोधायचा तर निविदा, प्रकल्प अहवाल, परवान्यांच्या अटी यांत मॉडेलचं नाव आणि आवृत्ती शोधा.

श्रेयवाटपाचा गोंधळ वेगळाच. स्वॅट या नदीखोऱ्याच्या मॉडेलच्या १९९८ च्या पेपरवर चार लेखक आहेत आणि प्रत्येक सायटेशन चौघांच्याही खात्यात पूर्ण जमा होतं. ज्या जुन्या मॉडेल्सवर स्वॅट उभं राहिलं, त्यांचा कोड लिहिणारे जे या चौघांत नाहीत, त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. डाउनलोडचा आकडाही याला उपाय नाही: वर्गातल्या साठ मुलांनी एकदा उतरवलं की साठ.

‘आकडे काढून टाकले तर वशिला उरेल.’ ही भीती रास्त आहे. पण आकडे टाकून द्या असं कुणी म्हणत नाही. ब्रिटनच्या संशोधन मूल्यमापनात २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार विद्यापीठाबाहेर घडलेल्या बदलाला होता, आणि तो बदल पुराव्यानिशी दाखवावा लागत होता. पाण्याच्या मॉडेलसाठी असा पुरावा म्हणजे कुठल्या विभागाने, कुठल्या तारखेपासून, कुठल्या निर्णयासाठी ते चालवलं याचं त्या विभागाचं पत्र.