घरचंच आहे, बिनधास्त खा

घरातल्यांची तब्येत बिघडवायची असेल तर वडापावच्या गाडीपर्यंत जायची गरज नाही. बाहेरचं खाणं आधीच बदनाम आहे, त्यावर सगळ्यांचा डोळा असतो. घरच्या स्वयंपाकाचा संशय कुणालाच येत नाही. 'घरचंच आहे' एवढं म्हटलं की पातेल्यात काय काय गेलं हे विचारणाराच पापी ठरतो. तेव्हा जे काय करायचं ते ओट्यावरच उरकून घ्या.

सुरुवात तेलापासून. तेल मोजायचं नाही, हा पहिला नियम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलंय. चौघांचा महिन्याचा हिशेब मांडला तर तो साडेतीन लिटरच्या आसपास जातो. असले हिशेब मांडणाऱ्या माणसाला किराणा आणायला पाठवू नका. तुम्ही पाच लिटरचा डबा आणा आणि तो वीस तारखेलाच संपला तर दुकानदाराने माप मारलं म्हणा. अर्धा किलो भाजीला चहाचे तीन चमचे, म्हणजे 15 मिलिलिटर तेल पुरतं. मोहरी तडतडायला आणि हिंग-हळद फुलायला त्याहून जास्त लागत नाही. पण चमच्याने मोजून तेल घालते ती सुगरण कसली? भांडं सरळ कढईत उपडं करा. भाजी खाली लागतेय असं वाटलं तर आच कमी करून, झाकणावर पाणी ठेवून वाफ आणायची जुनी युक्ती सांगायला कुणीतरी येईलच. तिच्याकडे दुर्लक्ष करून आणखी तेल सोडा. उसळीवर बोटभर तर्री दिसली नाही तर पाहुणे काय म्हणतील!

पुऱ्या तळून उरलेलं तेल हा तर खजिनाच. ते गाळू नका. तळाशी बसलेले पिठाचे कण दर खेपेला नव्याने जळतात, तेल लवकर काळं पडतं, आधीपेक्षा कमी आचेवर धूर सोडतं आणि वर फेस धरतं. हा फेस दिसला की समजा, तेल मुरलं. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की त्यात साठणारे पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, असा 2018 पासून नियम आहे. तुमच्या ओट्यावर मीटर घेऊन कोण येणार आहे? उरलेलं तेल दोन-तीन दिवसांत फोडण्यांत संपवून टाकणाऱ्या बायका असतात, त्यांना दिवाळीच्या तेलात होळीची भजी तळायची मजा कधी कळायची नाही.

आता ताट वाढू. आपल्या ताटाची डावी बाजू चांगली विचारपूर्वक लावलेली आहे, तिच्यात थोडीच सुधारणा करायची: कोशिंबीर काढून टाकायची आणि लोणच्याची फोड, पापड, सांडगी मिरची, शेंगदाण्याची चटणी दुप्पट करायची. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मीठ म्हणते. लोणचं टिकतं ते मिठावर आणि उडदाच्या पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे सोडियम दोन्ही वाटांनी येतं. तरी ताटात वरून मीठ वाढायला चुकू नका. आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे? मग काळजीच मिटली, गोळी बघून घेईल.

चहाची वेळ साधणं हे खरं कसबाचं काम. पोह्यांवर लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पोहे-शेंगदाण्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. हे नुकसान ताबडतोब भरून काढा: त्याच घासाबरोबर कपभर कडक चहा. चहातली टॅनिनं त्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. तासाभराने चहा घेतला तर हा परिणाम बराच कमी होतो, म्हणून तासभर थांबायचं नाही. दुपारी पालेभाजी झाल्यावरही तेच. शिवाय ती पालेभाजी आधी बारीक चिरा आणि मग खळखळून धुवा, म्हणजे पाण्यात विरघळणारं जे काही आहे ते मोरीतून निघून जाईल. लोखंडी कढई माळ्यावर टाका.

एवढं करूनही कुणाच्या रक्तात लोह शिल्लक राहिलंच, तर वाढायचा क्रम सांभाळा. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणे. स्वयंपाक करणारी सगळ्यांत शेवटी. तोवर उसळीच्या पातेल्यात मटकी राहिलेली नसते, रस्सा असतो. भाजी खरवडून निघते. डाळीचं वरचं पाणी असतं. तिने 'मला पुरे' म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते खरं मानायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तो आकडा आपोआप आलेला नाही, घराघरांतून रोज दोन वेळा त्यासाठी कष्ट घेतले जातात. तिला धाप लागली, केस गळू लागले, तर 'वयाचं आहे' म्हणा. वय बत्तीस असलं तरी चालतं.

रात्रीचा भात उरणारच. तो कुकरच्या भांड्यात तसाच, झाकण घालून ओट्यावर ठेवा. भात शिजला तरी बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि रात्रभर निवांत विष तयार करतात. सकाळी फोडणीचा भात करताना जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. कांदा, कढीपत्ता कितीही घाला. भात परातीत पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा, एवढ्यावर हे सगळं थांबतं. पण मग उलट्या झाल्यावर 'कुणाची तरी नजर लागली' म्हणायची सोय राहत नाही.

मुलांचं सोपं आहे. दुधात चॉकलेटी पावडर, डब्यात बिस्किटं. पुडा उलटा करून वाचू नका, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि साखर बहुधा पहिल्या दोन-तिनांतच भेटते. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही, असं सांगून केंद्र सरकारने 2024 मध्ये ऑनलाइन दुकानांना ते नाव काढायला लावलं. आपण म्हणत राहायला हरकत नाही. आणि नाचणी? ती तान्ह्या बाळाच्या सत्त्वापुरती. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेलं धान्य मोठ्यांनी खाल्लं तर लोक गरीब समजतील.

उपवासाला 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही परंपरा तुम्ही पाळताच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, सोबत तळलेला बटाटा. दोघं मिळून देवाला कसे पावतात ते तपासणीच्या कागदावर दिसेल.

हा कागद आला की घाबरू नका. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असेल तर प्रयोगशाळेवाला 'बॉर्डरलाइन' म्हणेल. बॉर्डरलाइन म्हणजे अजून आपल्याच हद्दीत, असं घरात सांगा. तरी मनाला लागलंच, तर चहातली साखर तडकाफडकी बंद करून सेंद्रिय गूळ सुरू करा. त्यातही बहुतांश साखरच असते, पण रंग औषधी दिसतो. फक्त दोनऐवजी तीन चमचे घाला, गुळाला गोडी जरा कमी असते.