वजन न घटवता कॅलरी मोजण्याची रीत

कॅलरी मोजण्याचे ॲप आपण मोबाइलवर घेतलेच आहे, तेव्हा निम्मे काम झाले असे खुशाल समजावे. उरलेले निम्मे काम म्हणजे त्या ॲपला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही हे ठरवणे. वजन जसेच्या तसे राखून हिशेब मात्र निर्दोष ठेवायचा असेल, तर सारे कौशल्य याच कामात आहे.

सर्वप्रथम, स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा वजनकाटा येऊ देऊ नये. मापे घरगुतीच असावीत. ‘भात, एक वाटी’ अशी नोंद केली की वाटी आमटीची होती की कोशिंबिरीची, आणि भात सैल वाढला होता की दाबून मूद पाडली होती, असे आगाऊ प्रश्न ॲप विचारत नाही. पोळीचेही तसेच. तेल न लावलेला बोटभर उंच फुगलेला फुलका आणि पदरापदरांत तेल व वरून तूप लावलेली घडीची पोळी या दोहोंची नोंद ‘पोळी, १’ अशीच होते, आणि अर्थातच आपण कॅलरी फुलक्याच्या धराव्यात व खावी पोळी.

तेलाच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहिले पाहिजे, कारण हिशेब बिघडवण्याची सर्वाधिक ताकद त्यातच आहे. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरतात, तर तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. म्हणजे चहाचा लहानसा चमचाभर तेल ४० किलोकॅलरींच्या घरात जाते, आणि फोडणी चमच्याने नव्हे तर पळीने पडते. यावर उपाय सोपा आहे. फोडणी ही खाण्याची वस्तू नसून स्वयंपाकातील एक क्रिया आहे, असे मनाशी पक्के ठरवावे. बहुतेक घरांत कॅलरी मोजणारा एक आणि फोडणी घालणारी दुसरीच असते, त्यामुळे हे अज्ञान टिकवायला फारसे कष्टही पडत नाहीत. फक्त एक पथ्य पाळावे: किराणा मालाची यादी कधीही हातात घेऊ नये. चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा ५ लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ ३४० किलोकॅलरी येतात, आणि त्यात तूप, लोणी व शेंगदाणे धरलेलेच नाहीत. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो, म्हणून यादी मुलांच्याही हाती लागू न दिलेली बरी.

आता उपवासाकडे वळू. आठवड्यातून एखादा उपवास आणि महिन्याच्या दोन एकादश्या धरल्यास आपले डाएट शास्त्राला आणि धर्माला एकाच वेळी मान्य होते. त्या दिवशी ॲपमध्ये ‘उपवास’ एवढाच शब्द लिहून पुढे शून्य टाकावे. साबुदाण्याच्या खिचडीचा तपशील लिहू लागलात तर ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या १७५, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७०, आणि दोन लहान चमचे तुपाच्या ९० अशी बेरीज थेट ४३५ किलोकॅलरींवर जाऊन ठेपेल. बटाट्याचे नाव घेण्यापूर्वीच दोन पोळ्या, वरण आणि भाजी यांची बरोबरी होईल. शिवाय पन्नास ग्रॅम साबुदाण्यात कोणाचा उपवास घडला आहे? दुपारी वेफर्स, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर आणि दाण्याची आमटी हे सारे त्या शून्यात सुखाने सामावून जाते.

साखर सोडणे हेही आवश्यक आहे. ती सोडून गूळ धरावा. शंभर ग्रॅमला साखरेच्या ४०० आणि गुळाच्या ३८० च्या आसपास किलोकॅलरी असतात, तेव्हा वीस वाचल्या. त्या वाचलेल्या वीसच्या बळावर चहात गूळ थोडा जास्त घालता येतो. पचनाला मदत करणारी, तपकिरी रंगाची आणि अंगावर कोंड्याचे ठिपके असलेली बिस्किटे तर औषधासारखीच असल्याने त्यांची मोजदाद करण्याचा प्रश्नच येत नाही. पुड्याच्या मागच्या बाजूला छापलेली बारीक अक्षरे वाचून डोळ्यांना ताण देऊ नये.

उभ्याने खाल्लेले धरू नये, हा नियम तर आपल्याकडे न सांगताच पाळला जातो. चव पाहण्यासाठी तळहातावर घेतलेली भाजी, मुलाने ताटात टाकलेला अर्धा पराठा, देवळातला शिरा, कार्यालयात कोणाच्या तरी बढतीचा पेढा यांचा संबंध अनुक्रमे कर्तव्य, काटकसर, श्रद्धा आणि सौजन्य यांच्याशी आहे, आहाराशी नाही. असा वजाबाकीचा हिशेब ठेवणारे आपण एकटेच आहात की काय, ही शंका मनात आणू नका. ‘मोजून खातो, तरी वजन उतरत नाही’ असे म्हणणाऱ्या लठ्ठ व्यक्तींची न्यूयॉर्कमधील संशोधकांनी तपासणी करून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त निघाली. विशेष म्हणजे त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च तसा सर्वसामान्यच होता. त्या बिचाऱ्यांकडे ना ॲप होते, ना एकादशी.

हालचालीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, सकाळी फिरायला अवश्य जावे, परंतु वाट अशी निवडावी की तिच्या टोकाला वडापावची गाडी असेल. सत्तर किलोच्या माणसाच्या एक किलोमीटर चालण्यात जेमतेम ५० किलोकॅलरी जातात आणि वडापावच्या तीनशेच्या आसपास येतात. तेव्हा तीन किलोमीटर चालून एक वडापाव खाल्ला तर चालणे आणि खाणे या दोहोंचे समाधान मिळून शिल्लकही आपल्याच अंगावर राहते.

एवढ्यावरही उत्साह मावळू लागला, तर भविष्यकाळाचे गणित मांडावे. एक किलो चरबी म्हणजे ७७०० किलोकॅलरी, रोजची तूट ५००, म्हणजे वर्षाला साडेतेवीस किलोंहून अधिक घट. या हिशेबाने सत्तर किलोचा मनुष्य तीन वर्षांत पूर्णपणे नाहीसा होतो. वजन उतरू लागले की शरीराची गरजही उतरते आणि घट मंदावते, ही क्षुल्लक बाब या गणितात आणू नये, कारण त्यामुळे रोजच्या जेवणात थोडा-थोडा बदल करून तो वर्षानुवर्षे पाळावा लागतो, असला निरस निष्कर्ष निघतो आणि तो कोणी स्टेटसला ठेवत नाही.

राहता राहिला वजनाचा काटा. शरीरातील पाणी आणि खाण्यातील मीठ यांमुळे वजन दिवसागणिक किलोभर इकडेतिकडे होतच असते, आणि ही निसर्गाने आपल्याला दिलेली मोठी सोय आहे. आकडा वाढला तर ते पाणी समजावे. घटला तर ती चरबीच समजावी, आणि त्या आनंदात त्याच संध्याकाळी घरच्यांना घेऊन बाहेर जेवायला जावे. तिथल्या पनीरच्या भाजीवर किती तेल तरंगते आहे हे ॲपला दिसत नाही, आणि वेटरला विचारून त्याला संकोचात टाकणे आपल्या संस्कारात बसत नाही.