मेव्हण्याचा साडू

साडूच्या मुलीचं लग्न, कळंबा रोडला हॉल, आणि फेट्यांचं खातं माझ्याकडे.

"पाव्हणं, तुम्ही कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताय. ह्ये चाळीस फेटे. जवळच्या माणसांनाच बांधायचं. बाकीच्यांना टॉवेल-टोपी." एवढं बोलून साडू आचाऱ्याकडे पळाले. 'जवळचा' म्हणजे कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

यादी उघडली तर पहिल्याच पानावर आबांचं नाव दोनदा. घोळ यादीत नव्हता, लग्नातच होता. मुलगी बापाच्या घरातून आत्याच्या घरी चालली होती. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते ते काय उगाच नाही. त्यामुळे साडूंची सख्खी बहीण त्यांची विहीण, दाजी व्याही, आणि निम्मा हॉल मुलीकडचाही आणि मुलाकडचाही. आबा नवरीच्या बापाचे चुलते, तसेच नवऱ्याच्या आईचेही. नाती दोन, डोकं एक.

"दोन्हीकडनं मान हाय माझा," आबा म्हणाले. एक फेटा डोक्यावर चढला, दुसरा घडी मोडू न देता पिशवीत गेला.

डोक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ऑगस्टस डी मॉर्गन हा इंग्रज गणिती जन्मला १८०६ साली मदुराईत. त्याची तक्रार अशी की, माणूस हा प्राणी आहे, म्हणून माणसाचं डोकं हे प्राण्याचं डोकं, एवढं शेंबड्या पोराला पटणारं अनुमानसुद्धा ॲरिस्टॉटलच्या साच्यात बसत नाही. अडतं ते 'चं'पाशी. कुणाचं तरी काहीतरी आलं की जुनं तर्कशास्त्र हात वर करतं. मग १८६० साली त्यानं थेट नात्यांचंच तर्कशास्त्र मांडायला घेतलं. १८७० मध्ये अमेरिकेत चार्ल्स पर्सनं त्यासाठी चिन्हांची पद्धत बसवली. त्याची आवडती उदाहरणं प्रियकर आणि नोकर. बिचाऱ्याला साडू ठाऊक नव्हता.

वर्गात मी साडूच घेतो. मामा उलटवला की भाचा होतो. साडू उलटवला तरी साडूच. आता साडूचा साडू तोही साडू, असं धरून बघा. माझ्या साडूचा एक साडू तर मीच. म्हणजे मी माझा साडू, आणि माझी बायको माझ्या बायकोची बहीण. पोरं हसतात. घरी एकदा सांगून बघितलं होतं, तिथं कुणी हसलं नाही.

तर एक गृहस्थ येऊन फेटेवाल्यासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले. यादीत नाव नाही.

"आपण?"

"नवरीच्या मामाचा साडू."

नवरीचा मामा म्हणजे माझा मेव्हणा. नात्याला नातं जोडताना क्रम फिरला की माणूस फिरतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. साडूचा मेव्हणा तो माझाच मेव्हणा, बायकोचा भाऊ, त्यात नवीन काही नाही. पण मेव्हण्याचा साडू म्हणजे मेव्हण्याच्या बायकोच्या बहिणीचा नवरा! एवढ्या लांबच्या माणसाला मराठीत शब्द नाही, आणि तो माणूस माझ्यासमोर डोकं पुढं करून बसलेला.

"मग मी तुमचा कोण लागलो, सर?"

"…जवळचेच की," तोंडातून निसटलं.

फेटेवाल्यानं पहिला पीळ घातलासुद्धा. लगेच मागून एक दणकट गडी पुढं सरकला. "मी ह्यांचा थोरला भाऊ. ह्ये तुमच्या जवळचं, म्हंजे मी बी जवळचाच." त्याच्यामागं त्याचा शेजारी. जवळच्याचा जवळचा तोही जवळचा, हे एकदा मान्य केलं की गगनबावड्यापर्यंत फेटे बांधत जायला लागतं.

अक्षता पडायच्या आत चाळीस संपले. नवरीचा सख्खा काका टॉवेल-टोपीवर गेला. तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, ती बघून मी मांडवाच्या खांबाआड उभा राहिलो.

फोटोला सगळे केशरी डोक्यांनी उभे. माझंच टक्कल चमकत होतं. साडूंना गाठून विचारलं, "माझा फेटा?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही घरचंच की!"

"मग सकाळपासनं पाव्हणं-पाव्हणं काय लावलंय?"

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मठ्ठ्याची बादली माझ्या हातात दिली. "चला पाव्हणं, पंगत बसली."