सोळाव्या चालीबद्दल थोडं

लेख आवडला, पण २०१३ च्या वाइक आन झी (नेदरलँड्स) बुद्धिबळ स्पर्धेत आनंदने आरोनियनविरुद्ध जिंकलेल्या डावाबद्दल ‘सगळी घरची तयारी होती’, म्हणजे चाली आधीच अभ्यासलेल्या होत्या, एवढंच म्हणून पुढे जाणं मला पटलं नाही. तयारी होतीच. सेमी-स्लाव्ह या डावाच्या सुरुवातीतली ही मेरान पद्धत आनंदने गेल्फंडविरुद्धच्या २०१२ च्या विश्वविजेतेपद लढतीसाठी घोटली होती. पण ती आठवून पटावर उतरवणं, तेही काळ्या मोहऱ्यांनी, आरोनियनसारख्यासमोर!

पट मांडून सोळाव्या चालीपाशी थांबून बघा. पांढऱ्याचा घोडा एच७ या घरात घुसून हत्तीवर टपलेला. काळ्याचा सी५ वरचा उंट प्याद्याच्या तोंडी, त्याच्याच जी४ वरच्या घोड्यावर पांढऱ्या उंटाचा डोळा. अशात आनंद दुसरा घोडा ई५ वर ठेवतो, जिथे त्याला दोन-दोन प्यादी मारू शकतात! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाल चुकीची छापली आहे असंच वाटलं होतं. पुढे हत्ती गेला तरी तो शांतपणे प्यादं एफ५ वर सरकवतो.

या सगळ्यामागे आनंदचा बी७ वरचा उंट आहे. तो पांढऱ्याचं जी२ चं प्यादं राजाला जखडून ठेवतो, म्हणजे ते हललं तर राजालाच शह बसेल. म्हणूनच तेविसाव्या चालीला दुसरा उंट ई३ वर येऊन पांढऱ्या वजिराची एच३ राखायची वाट अडवतो, तिथल्या प्याद्यावर काळा वजीर टपलेला असतो आणि डाव तिथेच संपतो. जुन्या काळचा बुद्धिबळपटू रुबिनस्टाइन याचा १९०७ चा लोड्झमधला (पोलंड) डाव शेजारी मांडा, दोन उंटांची तीच जोडी दिसेल. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.