उज्जीवन सभा कशी भरवावी

चर्चची उज्जीवन सभा, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागवायची सभा, भरवायची ठरली ना? मग आधी फ्लेक्सचं बघा. वचन कुठलं घ्यायचं याची काळजी नको, बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:२ ठरलेलंच आहे. देवाने आपल्या कार्याचं पुनरुज्जीवन करावं, एवढीच मागणी उचला, पुढे तीन टिंबं द्या आणि थांबा. त्याच वचनाच्या शेवटी ‘क्रोधातही दया आठव’ असं आहे, ते छापू नका. क्रोध कुणाचा, कुणावर, असं एखाद्या पोराने विचारलं तर पंचाईत. शिवाय जागा लागते. वक्त्यांचा फोटो, शेजारी त्यांच्या मिसेसचा, खाली स्वागतोत्सुक म्हणून अख्खी कमिटी. मराठी वर की कन्नड वर, यावर दोन मीटिंगा घाला. फलकावर साठ टक्के कन्नड हवं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

वक्ता बाहेरचाच बोलवा. आपल्या पाळकसाहेबांना कुणाच्या घरात काय चाललंय ते माहीत असतं.

लंडन मिशनचे लोक १८२० मध्ये बेळगावात आले, हे प्रास्ताविकात, स्वागतात आणि आभारातही सांगा. आज आपण काय करतो हे सांगायला मग वेळच उरत नाही.

स्पीकरची तोंडं वस्तीकडे फिरवा. सगळ्या पृथ्वीने परमेश्वरापुढे स्तब्ध राहावं, हे दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं वचन या प्रार्थनेच्या अगदी उंबऱ्यावर बसलंय, पण आपण थेट तिसऱ्या अध्यायातच उतरतो, त्यामुळे त्याचा त्रास नाही. सध्या आपल्याकडे हवा कशी आहे ते माहीत असूनही दहानंतर आवाज वाढवा. शेजारी पोरांच्या परीक्षा असतील तर असू देत. पोलीस आले की ‘छळ होतोय’ म्हणायला आपण मोकळे.

या अध्यायात ‘सेला’ तीनदा येतो. ती बहुधा गाताना थांबण्याची खूण असावी, असं मानतात. कीबोर्डवाल्याला हे कळू देऊ नका.

आता शास्त्रवाचन. ते ठेवावंच लागतं, पण आवरतं घ्या. परवा आमच्या इकडच्या एका सभेत वाचायला मला उभं केलं होतं. दुसरं वचन संपतंय तोवर कमिटीतल्या एका दादांनी खालूनच हात हलवला, “तेवढं पुरे की हो अक्का, पाहुण्यांचे हार राहिलेत.” बसले मी. मग हार झाले, शाली झाल्या, ज्यांना हार घालायचे राहिले होते ते रुसले, त्यांना स्टेजवर बोलावून परत हार झाले. हाराला वेळ होता. हबक्कूकचं अख्खं पुस्तक तीन अध्यायांचं, छप्पन्न वचनांचं. सावकाश वाचलं तरी त्या हारांच्या आधी संपलं असतं.

पण दादांचं बरोबरच होतं म्हणा. पुढे वाचू दिलं असतं तर संदेष्ट्याचे ओठ थरथरतात, हाडं कुजल्यासारखी होतात, हे आलं असतं. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन, हे आलं असतं. आणि त्यानंतर लगेच उभं राहून वक्त्यांना “या वर्षी तुमचा गोठा भरणार, बोला आमेन!” असं म्हणता आलं नसतं. आमेन कोण म्हणत होतं? उसाचं बिल अडकलेली माणसं. खानापूरकडून टेम्पो करून आलेल्या बायका. हबक्कूक त्यांचाच होता हो. गोठा रिकामा राहिला म्हणजे देवाने तुम्हाला टाकलं असं नाही, हे त्या बायकांना सांगायला तो बसला होता. त्यालाही तुम्ही गोठा भरून देणारा एजंट केलंत.

आणि तो क्रोध. तो शेजाऱ्यांवरचा नाही, दुसऱ्या धर्माच्या लोकांवरचा तर नाहीच नाही. पुस्तक उघडतं तेच तक्रारीने: देवा, मी किती काळ ओरडू, इथे न्याय लुळा पडलाय. हे कुठलं? देवाच्या स्वतःच्या लोकांमधलं, यहूदातलं. देव उत्तर देतो, बाबेलचे खास्दी चालून येताहेत. म्हणजे शिक्षा घराकडे निघालीय हे ऐकून, अंगाला कापरं भरलेलं असताना हा माणूस म्हणतो, तुझं काम चालव, फक्त रागात दया विसरू नकोस. काम देवाचं. आपली सभा मोठी कर, आपलं नाव कर, असं त्यात कुठे आहे?

या प्रार्थनेच्या आधीच्या अध्यायात पाचदा ‘हाय हाय’ आहे. जे आपलं नाही ते साठवणाऱ्याला हाय हाय. घरासाठी अन्यायाची कमाई करणाऱ्याला हाय हाय, त्याच्या भिंतीतला दगड ओरडेल आणि तुळई त्याला उत्तर देईल. हे कोणत्या उज्जीवन सभेत वाचलंत? सांगा ना. कंपाऊंडच्या जागेवरून दोन गट कोर्टात, भाडं कुणाच्या खात्यात जातं ते कुणी सांगत नाही, मराठी उपासनेतला माणूस कन्नड उपासनेतल्या सख्ख्या चुलत भावाला सलाम करत नाही, आणि तुम्ही स्टेजवर एकमेकांचे हात धरून आकाश उघड म्हणता!

त्या रात्री सगळे जेवून गेल्यावर आमचा शिपाई एकटा लाल खुर्च्या एकात एक घालत होता. पायाला फडकं बांधलेलं. त्याचा पगार पावसाळ्यापासून थकलाय. वक्त्यांचं विमानाचं तिकीट मात्र आधीच काढलं होतं, पाकीटही जाड होतं. लाज वाटत नाही? त्या माणसाच्या पोटातलं काढून तुम्ही देवाला जागवायला निघालात?

येत्या रविवारी सभेचा हिशेब दोन्ही उपासनांत वाचून दाखवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. शिपायाचा पगार त्याच्या आधी, शनिवारीच द्या. सगळा, एकरकमी. आणि तो फ्लेक्स उतरवा.